केंटकीच्या मातीत परदेशी घोडा का अडखळतो?

४ मे २०२४ रोजी अमेरिकेतील लुइव्हिल शहरात, चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर केंटकी डर्बीची दीडशेवी शर्यत संपली तेव्हा तीन घोडे जवळपास एकाच रेषेत होते. निकाल छायाचित्र पाहून द्यावा लागला. ‘मिस्टिक डॅन’ नाकभर अंतराने पहिला, ‘सिएरा लिओन’ दुसरा आणि त्याच्यापासून आणखी एका नाकाच्या अंतरावर जपानहून आलेला ‘फॉरेव्हर यंग’ तिसरा. पाच शर्यती खेळून पाचही जिंकलेला हा घोडा सुरुवातीला मागे राहिला होता, शेवटच्या वळणावर त्याला बाहेरून धावावे लागले होते आणि अखेरच्या सरळ टप्प्यात सिएरा लिओनशी त्याची वारंवार घसट झाली होती. सिएरा लिओनच्या जॉकीचा हात फॉरेव्हर यंगला लागल्याबद्दल पुढे त्या जॉकीला अडीच हजार डॉलरचा दंडही झाला. निकाल मात्र बदलला नाही.

दीड वर्षाने, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, कॅलिफोर्नियातील डेल मार येथे फॉरेव्हर यंगने ‘ब्रीडर्स कप क्लासिक’ जिंकली. अंतर तेच, दहा फर्लांग. धावपट्टी तशीच, मातीची. आणि दुसऱ्या क्रमांकावर तोच सिएरा लिओन. जपानमध्ये तयार झालेल्या घोड्याने अमेरिकेतील ही सर्वांत प्रतिष्ठेची खुली शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. या विजयाने शर्यतशौकिनांमधील एका जुन्या वादाला नवी धार आली आहे. अमेरिकन मातीवर अमेरिकेच्या सर्वोत्तम घोड्यांना हरवू शकणारा परदेशी घोडा केंटकी डर्बीच का जिंकू शकत नाही? की तो आता कधीही जिंकेल?

जन्म कुठला, तालीम कुठली?

या चर्चेत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. परदेशात जन्मलेला घोडा आणि परदेशात तयार झालेला घोडा हे दोन वेगळे प्रकार आहेत. केंटकी डर्बीची सुरुवात १८७५ मध्ये झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ‘ओमर खय्याम’ने १९१७ मध्ये, तर ‘टॉमी ली’ने १९५९ मध्ये ती जिंकली. कॅनडात जन्मलेला ‘नॉर्दर्न डान्सर’ १९६४ मध्ये जिंकला. तथापि, ओमर खय्याम आणि टॉमी ली यांची तालीम अमेरिकेतच झाली होती आणि नॉर्दर्न डान्सरही डर्बीपूर्वी अमेरिकन धावपट्ट्यांवर मुरला होता. त्यामुळे त्यांची उदाहरणे या वादात फारशी उपयोगाची नाहीत.

उत्तर अमेरिकेबाहेर तालीम घेऊन, थेट डर्बीसाठी येऊन ती जिंकणारा घोडा २०२५ पर्यंतच्या १५१ शर्यतींत एकच झाला. तो म्हणजे १९७१ चा विजेता ‘कॅन्योनेरो दुसरा’. त्याचा जन्म केंटकीतलाच. परंतु पुढचा एक पाय वाकडा असल्याने तो अवघ्या बाराशे डॉलरना विकला गेला आणि व्हेनेझुएलात पोहोचला. हुआन आरियास या प्रशिक्षकाने त्याला काराकासमध्ये तयार केले. डर्बीसाठी निघालेल्या या घोड्याला मायामीत क्वारंटीनमध्ये अडकून पडावे लागले, त्याचे वजन घटले आणि तेथून पुढचा लुइव्हिलपर्यंतचा प्रवास ट्रकमधून करावा लागला. पैजा घेणाऱ्यांनी त्याला स्वतंत्र भाव देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. इतर किरकोळ दावेदारांसोबत त्याची एकत्र मोट बांधली गेली. वीस घोड्यांच्या त्या शर्यतीत बराच काळ तो शेवटच्या तीन-चार घोड्यांत होता. नंतर गुस्ताव्हो आव्हिला या जॉकीने त्याला बाहेरून पुढे काढले आणि पावणेचार लेंग्थने शर्यत जिंकली. दोन आठवड्यांनी त्याने प्रीकनेस स्टेक्सही विक्रमी वेळात जिंकली आणि डर्बीचा विजय योगायोग नव्हता हे सिद्ध केले.

कॅन्योनेरोची कथा सांगताना त्याच्या दारिद्र्याचे व प्रवासातील हालअपेष्टांचे वर्णन रंगते, पण एक महत्त्वाचा तपशील निसटतो. व्हेनेझुएलातील शर्यती मातीवर होतात. दहा फर्लांगांचे अंतर त्याला नवे नव्हते, मातीही नवी नव्हती. तो परदेशातून आला होता. परक्या खेळातून आलेला नव्हता.

निराशेची लांबलचक यादी

कॅन्योनेरोनंतर विजयाच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्यांपैकी एक होता ‘बोल्ड अरेंजमेंट’. इंग्लंडमधील प्रशिक्षक क्लाइव्ह ब्रिटन यांनी १९८६ मध्ये त्याला केंटकीत आणले. डर्बीपूर्वी अवघे नऊ दिवस आधी त्याला कीनलँड येथील ब्लू ग्रास स्टेक्समध्ये धाववण्यात आले आणि तेथे तो तिसरा आला. डर्बीत चौपन्न वर्षांच्या बिल शूमेकरने ‘फर्डिनांड’ला विजयी केले, तर बोल्ड अरेंजमेंट दुसरा आला. मुख्य परीक्षेपूर्वी एकदा अमेरिकन शर्यतीची चव घेतल्याचा त्याला लाभ झाला, असे मानण्यास जागा आहे.

१९९२ मध्ये फ्रान्समधून आलेला ‘अराझी’ हा तर विजेता म्हणून आधीच जाहीर झाल्यासारखा होता. आदल्या वर्षी याच चर्चिल डाउन्सवर दोन वर्षांच्या घोड्यांची ब्रीडर्स कप शर्यत त्याने मागून येऊन अक्षरशः लुटली होती. मात्र त्यानंतर त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि डर्बीपूर्वी फ्रान्समध्ये एक सोपी शर्यत एवढीच तयारी त्याला मिळाली. दहा डॉलर लावले तर नऊ डॉलर नफा, अशा भावाने तो उतरला आणि आठवा आला. त्याच शर्यतीत सातवा आलेला ‘डॉक्टर डेव्हियस’ महिन्याभरातच इंग्लंडमधील एप्सम डर्बी जिंकला. म्हणजे घोडे सामान्य नव्हते. कसोटी वेगळी होती.

दुबईचे राज्यकर्ते शेख मोहम्मद बिन रशीद यांच्या ‘गोडॉल्फिन’ने १९९९ पासून दुबईत हिवाळा काढलेले घोडे केंटकीला पाठवण्याचा सपाटा लावला. ‘वर्ल्डली मॅनर’ १९९९ मध्ये सातवा, ‘चायना व्हिजिट’ २००० मध्ये सहावा, ‘एक्स्प्रेस टूर’ २००१ मध्ये आठवा, ‘एसेन्स ऑफ दुबई’ २००२ मध्ये नववा. २०१७ मध्ये ‘थंडर स्नो’ने गेट उघडताच उड्या मारण्यास सुरुवात केली आणि त्याला शर्यतीतून बाजूला घ्यावे लागले. आयर्लंडचे विख्यात प्रशिक्षक एडन ओब्रायन यांची कहाणी याहून वेगळी नाही. २०११ मध्ये ‘मास्टर ऑफ हाउंड्स’ पाचवा आला, हीच त्यांची उल्लेखनीय कामगिरी. २०१८ मध्ये ‘मेंडेल्सन’ने यूएई डर्बी साडेअठरा लेंग्थच्या प्रचंड फरकाने जिंकली, तेव्हा यंदा इतिहास बदलणार अशी हवा होती. लुइव्हिलमध्ये दिवसभर पाऊस पडला, सुरुवातीलाच त्याला धक्के बसले आणि वीस घोड्यांत तो विसावा आला.

माती, वेग आणि गर्दी

अडचणीचे पहिले कारण धावपट्टी. युरोपात मोठ्या शर्यती गवतावर होतात. मुंबईत महालक्ष्मीवर होणारी २४०० मीटरची इंडियन डर्बीही हिरवळीवरच होते, त्यामुळे मराठी वाचकाच्या नजरेसमोर येणारे शर्यतीचे चित्रही गवतावरचेच असते. गवतावर सुरुवातीला घोड्याला राखून ठेवायचे आणि अखेरच्या दोन-तीन फर्लांगांत सोडायचे, ही रीत असते. अमेरिकन मातीवर गणित उलटे आहे. गेट उघडताच वेग पकडावा लागतो, जागा मिळवावी लागते आणि मग तो वेग शक्य तितका टिकवावा लागतो. मागे राहणाऱ्या घोड्याच्या तोंडावर पुढच्यांच्या टापांनी उडवलेल्या मातीचा मारा होतो. ज्याला ही सवय नाही, तो मान वर करतो, पाऊल आखडते घेतो आणि तिथेच शर्यत हरतो.

दुसरे कारण गर्दी. युरोपातही मोठ्या संख्येने घोडे धावतात. पण केंटकीत एक मैलाच्या वर्तुळाकार धावपट्टीवर वीसपर्यंत घोडे उतरतात आणि पहिल्या वळणापूर्वी आतली जागा पकडण्यासाठी साऱ्यांचीच धडपड चालते. एक पाऊल उशिरा निघालेला घोडा पाच-सहा घोड्यांच्या बाहेरून वळण घेतो आणि तेवढे अंतर अधिक धावतो. अखेरचा सरळ टप्पा सुमारे ३७६ मीटरचा आहे. तेवढ्यात सारी तूट भरून काढणे क्वचितच साधते.

तिसरे कारण वेगाचा अंदाज. २०२२ ची शर्यत याचे उत्तम उदाहरण ठरावी. दुबईतील भारतीय वंशाचे प्रशिक्षक भूपत सीमर यांचा ‘समर इज टुमॉरो’ त्या वर्षी यूएई डर्बीत दुसरा आला होता. केंटकीत त्याने आघाडी घेतली आणि पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत पार पडला. डर्बीच्या इतिहासातील ही सर्वांत वेगवान सुरुवात. त्याच्या पाठलागावर असलेला जपानचा ‘क्राउन प्राइड’ हा यूएई डर्बीचा विजेता तेरावा आला आणि समर इज टुमॉरो सर्वांत शेवटी. ऐंशीस एक भावाचा ‘रिच स्ट्राइक’ मागून येऊन जिंकला. परदेशी घोड्याची ही कोंडी आहे. मागे राहिला तर माती आणि गर्दी. पुढे गेला तर न पेलणारा वेग.

प्रवासाची किंमत

२०१३ पासून डर्बीतील प्रवेश गुणांवर ठरतो. दुबईतील मैदान रेसकोर्सवर होणाऱ्या सुमारे १९०० मीटरच्या यूएई डर्बीला त्यात घसघशीत गुण देण्यात आल्याने परदेशी घोड्यांसाठी तो राजमार्ग बनला. पण हा मार्ग सरळ असला तरी सोपा नाही. दुबईतील शर्यत आणि केंटकीतील शर्यत यांच्यामध्ये चार-पाच आठवडे असतात. तेवढ्यात हजारो मैलांचा विमानप्रवास, क्वारंटीन, बदललेले हवामान, पाणी, चारा आणि नव्या धावपट्टीची ओळख हे सारे उरकावे लागते. जपानी घोड्यांच्या बाबतीत त्याआधी जपान ते आखात हा प्रवासही धरावा लागतो. फॉरेव्हर यंगने फेब्रुवारी २०२४ मध्ये सौदी डर्बी, मार्चमध्ये यूएई डर्बी आणि मेमध्ये केंटकी असा तीन देशांचा फेरा केला होता. वय अवघे तीन वर्षे.

एक जुनी तक्रार मात्र आता उरलेली नाही. फुप्फुसांतील रक्तस्राव रोखण्यासाठी अमेरिकेत शर्यतीच्या दिवशी ‘लासिक्स’ हे औषध सर्रास दिले जात असे. इतर बहुतेक देशांत त्याला मनाई होती. २०२१ पासून केंटकी डर्बी या औषधाविना धावली जाते. म्हणजे एका बाबतीत तरी दोन्ही बाजू समान पातळीवर आल्या आहेत.

जपानने काय वेगळे केले?

जपानची केंटकीतील सुरुवात आशादायक नव्हती. १९९५ मध्ये युताका टाके या नामवंत जॉकीसह उतरलेला ‘स्की कॅप्टन’ चौदावा आला. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २०१६ मध्ये ‘लानी’ नववा आला, पण महिन्याभरात बेलमाँट स्टेक्समध्ये तिसरा येऊन त्याने आपली पात्रता दाखवली. २०१९ मध्ये ‘मास्टर फेन्सर’ सहावा, २०२३ मध्ये ‘डर्मा सोतोगाके’ सहावा, आणि २०२४ मध्ये फॉरेव्हर यंग तिसरा व ‘टी ओ पासवर्ड’ पाचवा. चढता आलेख डोळ्यांत भरणारा आहे.

यामागे रक्ताची साखळी आहे. १९८९ चा केंटकी डर्बी विजेता ‘संडे सायलेन्स’ अमेरिकन पैदासकारांना फारसा रुचला नाही. जपानच्या झेन्या योशिदा यांनी तो विकत घेतला. पुढे तेरा वर्षे तो जपानमधील अव्वल प्रजनक अश्व ठरला. त्याचा पुत्र ‘डीप इम्पॅक्ट’, त्याचा ‘रिअल स्टील’ आणि त्याचा फॉरेव्हर यंग, अशी ही वंशावळ आहे. फॉरेव्हर यंगची आई ‘फॉरेव्हर डार्लिंग’ ही अमेरिकन मातीवर शर्यत जिंकलेली घोडी. अमेरिकेने जे रक्त सोडून दिले, तेच जपानने जोपासले आणि त्याच्या जोडीला पुन्हा अमेरिकन मातीचा वारसा आणला. जपानमध्ये मातीवरच्या शर्यतींची स्वतंत्र व्यवस्था आहे. तेथील ‘माती’ प्रत्यक्षात खोल वाळू असते आणि ती अमेरिकेच्या वाळू, गाळ व चिकणमातीच्या मिश्रणाहून वेगळी वागते. तरी तोंडावर उडणाऱ्या मातीचा आणि टापांच्या गलक्याचा सराव तेथे होतो. २०१६-१७ च्या हंगामापासून जपानमधील निवडक शर्यतींतून डर्बीत थेट एक जागाही ठेवण्यात आली आहे.

आकडे किती बोलतात?

‘इतक्या वर्षांत एकही जिंकला नाही, म्हणजे जिंकूच शकत नाही’ हा युक्तिवाद ऐकायला ठाम वाटतो, पण तपासल्यावर तितका भक्कम राहत नाही. वीस घोड्यांच्या शर्यतीत सर्वांना समान संधी मानली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच टक्के येतात. अशा पाच टक्क्यांच्या वीस घोड्यांपैकी एकही न जिंकण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के भरते. म्हणजे वीस अपयशे केवळ योगायोगानेही येऊ शकतात. केवळ विजयाच्या शून्यावरून निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते.

मात्र परदेशी घोड्यांच्या समर्थकांनी या हिशेबावर फार विसंबू नये. अराझी, मेंडेल्सन यांसारखे घोडे पाच टक्क्यांचे दावेदार नव्हते; त्यांच्यावर त्याहून किती तरी अधिक विश्वास आणि पैसा लावला गेला होता. शिवाय प्रश्न केवळ विजयाचा नाही. युरोप व आखातातून आलेले घोडे पहिल्या चारांतही अभावानेच दिसतात, हा पुरावा अधिक बोलका आहे. २०२५ मध्ये तर जपानलाही जमिनीवर यावे लागले. यूएई डर्बीचा विजेता ‘अॅडमायर डेटोना’ एकोणिसांत एकोणिसावा आला आणि ‘लक्सर कॅफे’ बारावा.

या साऱ्या नोंदींत एक सूत्र मात्र स्पष्ट दिसते. केंटकीत अपयशी ठरलेले अनेक परदेशी घोडे पुढे मातीवरच चमकले. थंडर स्नोने २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे दुबई वर्ल्ड कप जिंकला. मेंडेल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साराटोगा येथील ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये दुसरा आला. डर्मा सोतोगाके २०२३ च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये दुसरा होता. फॉरेव्हर यंग त्याच क्लासिकमध्ये २०२४ साली तिसरा आणि २०२५ साली पहिला. यांपैकी कोणालाही माती मानवत नव्हती असे म्हणता येणार नाही. अडचण मातीपेक्षा मे महिन्याची आहे. वय कोवळे, अमेरिकेतील पहिलाच प्रवास, वीस घोड्यांची गर्दी आणि तयारीला महिनाभराचा अवधी, हे चारही अडथळे एकाच दिवशी समोर येतात. शरद ऋतूपर्यंत घोडा परिपक्व होतो, गर्दी कमी होते आणि परके काहीच उरत नाही.

दुबईचा धडा

या वादाचे सर्वांत मार्मिक उत्तर शेख मोहम्मद यांनीच दिले आहे, असे म्हणावे लागेल. ३ मे २०२५ रोजी चिखलाने भरलेल्या चर्चिल डाउन्सवर ‘सॉव्हरिन्टी’ने डर्बी जिंकली. घोडा गोडॉल्फिनचा, पैदासही गोडॉल्फिनचीच. परंतु त्याला तयार केले ते अमेरिकन प्रशिक्षक बिल मॉट यांनी आणि त्याची तयारी झाली ती फ्लोरिडातील शर्यतींत. पाव शतकाहून अधिक काळ दुबईच्या वाळवंटातून जे साधले नाही, ते घोडा अमेरिकेतच ठेवल्याने साधले. पैशाने घोडा विकत घेता येतो, विमान ठरवता येते. त्या मातीवरचे मुरलेपण मात्र तेथे राहूनच येते, हा त्यातील बोध.

मग परदेशी घोड्याची संधी नेमकी किती? सरसकट उत्तर देणे चुकीचे ठरेल. गवताच्या घराण्यातील, मातीवर एखादी शर्यत जिंकून आलेला युरोपीय घोडा कितीही नावाजलेला असला, तरी त्याच्यावर कमी भाव स्वीकारून पैसा लावणे शहाणपणाचे नाही. यूएई डर्बीतील मोठ्या फरकाचा विजयही फसवा असतो, कारण तेथे मागे राहिलेले घोडे कोणत्या दर्जाचे होते हा प्रश्न उरतोच. याउलट आईकडून मातीचा वारसा असलेला, गर्दीत माती खाऊन जिंकलेला, निसटत्या फरकाने का होईना पण झुंज देऊन जिंकण्याची सवय असलेला आणि शक्य झाल्यास लवकर अमेरिकेत येऊन तेथे एक शर्यत खेळलेला घोडा असेल, तर इतिहासाच्या नावाखाली त्याला बाद करणे तितकेच अविचाराचे होईल. कॅन्योनेरोला माती आणि अंतर दोन्ही ठाऊक होते, बोल्ड अरेंजमेंटने आधी एक अमेरिकन शर्यत खेळली होती आणि फॉरेव्हर यंगकडे रक्तही होते आणि जिद्दही. यशाच्या जवळ गेलेल्या तिघांचीही तयारी अपयशी ठरलेल्यांपेक्षा वेगळी होती.

२०२४ मध्ये फॉरेव्हर यंगचा भाव सुमारे सातास एक होता, म्हणजे पैज लावणाऱ्यांनी त्याला साधारण बारा टक्के संधी दिली होती. त्या दिवशी ती संधी दोन नाकांनी हुकली. पुढच्या दीड वर्षात त्याने सिद्ध केले की तो अंदाज उदार नव्हता. उलट थोडा कंजूषच होता. केंटकीचे दार परदेशी घोड्यांसाठी बंद नाही. ते अरुंद आहे, आणि त्यातून जाण्याची रीत विमानातून उतरल्यावर शिकता येत नाही.